मधली केबल

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत यंत्र म्हातारे झाले म्हणून कोणी फेकून देत नाही. हे स्टीलच्या भांड्यांचे गाव. पत्र्याचे सर्कल दाबून डबा, पातेले, ताट काढणारे प्रेस वर्षानुवर्षे चालतात. त्यांच्या शेजारचा वजनकाटा, लेथचा कंट्रोलर, पॅनेलमधला पीएलसी हेही साधारण त्याच वयाचे. मालकाच्या लेखी त्यांची किंमत केव्हाच वसूल झालेली असते. आता ते जे काही काढून देतील तो निव्वळ फायदा. बदलतो तो संगणक. हिशेबाचा जुना डेस्कटॉप एक दिवस बसतो, त्याच्या जागी नवा लॅपटॉप येतो आणि त्याला नऊ पिनांचे ते सॉकेटच नसते. मग गाळ्यातला एखादा पोरगा लॅमिंग्टन रोडला जाऊन यूएसबी-टू-सिरियल केबल घेऊन येतो. केबल लागते. काट्यावर वजन दिसते, लॅपटॉप चालू असतो, आणि बिलाच्या खिडकीत वजनाच्या जागी शून्य.

ही पुस्तिका त्या शून्याबद्दल आहे. काटेवाल्याला बोलावले तर तो म्हणतो, "काटा ओके आहे शेठ, कॉम्प्युटरवाल्याला विचारा." कॉम्प्युटरवाला म्हणतो, "पोर्ट तर दिसतोय, तुमचा काटाच डेटा सोडत नाही." दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात, आणि व्हिजिटचे पैसे दोघांचेही लागतात. मग काट्यावरचा आकडा वाचून हाताने टाईप करणे सुरू होते, आणि काही महिन्यांनी 'काटा जुना झाला, नवीन घेऊन टाकू' असा निकाल लागतो. अशा निकालांत यंत्राचा दोष फार थोड्या वेळा असतो, असे माझे मत आहे. बहुतेकदा तो मधल्या हातभर केबलमध्ये असतो. तिच्या पोटातल्या चिपमध्ये, किंवा त्या चिपला ओळखायचे की नाही हे ठरवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये. तो शोधायला इंजिनिअर असावे लागत नाही. एक क्रम मात्र पाळावा लागतो, आणि तो क्रम कोणी शिकवत नाही. शिकवतात ते एवढेच, की ड्रायव्हर काढ आणि पुन्हा टाकून बघ.

पुस्तिकेतली उदाहरणे मीरा-भाईंदरची आहेत, कारण जुनी यंत्रे आणि नवे संगणक यांची इतकी तऱ्हेतऱ्हेची लग्ने एवढ्याशा टापूत दुसरीकडे सहज सापडणार नाहीत. गाळ्यांतले काटे आणि कंट्रोलर झालेच. शिवाय हायवेलगतचे वे-ब्रिज, मीरा रोडला तळमजल्यावर थाटलेल्या पॅथॉलॉजी लॅब, सराफांचे मिलिग्रॅम दाखवणारे छोटे काटे, आणि पश्चिमेला खाडीपलीकडच्या डोंगरावरून उतरले की उत्तनच्या बोटींवरचे जीपीएस. दुखणे सगळ्यांचे एकच.

दोन्ही बाजूंच्या वयातला फरक आधी ध्यानात घेऊ. सिरियल पोर्टचे आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० साली ठरले, टेलिटाइप यंत्रे मोडेमला जोडता यावीत म्हणून. १९६९ ची त्याची 'सी' आवृत्ती जगभर रूढ झाली. टेबलावर मावणारे संगणक तेव्हा सर्रास झालेले नव्हते. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीने पंचवीस पिनांच्या जागी नऊ पिनांचा आटोपशीर कनेक्टर आणला, आणि आपल्याकडच्या काट्यांमागे आजही दिसतो तो हाच. यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ ची. १९९८ साली अ‍ॅपलने आयमॅकवरून जुना सिरियल पोर्ट काढूनच टाकला. पुढच्या दहाएक वर्षांत बाकीच्यांच्या लॅपटॉपवरूनही तो नाहीसा झाला. यंत्रे बनवणाऱ्यांनी मात्र तो सोडला नाही, आणि त्यात त्यांचा हटवादीपणा नव्हता. तीन तारांत काम भागते: दोन नंबरच्या पिनवर ऐकायचे, तीनवर बोलायचे, पाच नंबर ग्राउंड. उणे तीन ते उणे पंधरा व्होल्ट म्हणजे एक, अधिक तीन ते अधिक पंधरा म्हणजे शून्य. मोटारी आणि वेल्डिंगच्या गोंगाटातही एवढ्या फरकाचा सिग्नल तग धरतो.

सिरियल पोर्टचा एक स्वभाव मला फार आवडतो. तो समोरच्याचे नाव विचारत नाही. तार लावली, दोन्हीकडे वेग सारखा ठेवला, की बोलणे सुरू. यूएसबीचा स्वभाव नेमका उलटा. केबल खोचताक्षणी संगणक विचारतो, तू कोण? केबलमधली चिप दोन आकडे सांगते: एक कंपनीचा, एक वस्तूचा. त्या जोडीला जुळणारा ड्रायव्हर सापडला तर विंडोज एक कॉम पोर्ट उभा करते. नाही सापडला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण. काट्याचा या सगळ्याशी काही संबंध नसतो. काटा लावलेला नसतानाही हे सवालजवाब होतात, आणि तपासाची सुरुवात त्यामुळेच काटा काढून ठेवून करायची असते.

बाजारातल्या केबली बाहेरून कितीही वेगळ्या दिसल्या, पारदर्शक निळ्या असोत की काळ्या, आत बहुधा चार घराण्यांपैकी एकाची चिप असते. स्कॉटलंडच्या ग्लासगोतली एफटीडीआय, तिचा कंपनी-आकडा ०४०३. तैवानची प्रोलिफिक, ०६७बी. तिची पीएल-२३०३ ही चिप आपल्याकडच्या बहुसंख्य जुन्या केबलींत सापडते. चीनमधल्या नानजिंगच्या डब्ल्यूसीएचची सीएच-३४०, १ए८६. आणि अमेरिकेतल्या सिलिकॉन लॅब्जची सीपी-२१०२, १०सी४. हे आकडे बघायला केबल फोडावी लागत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नोंदीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. 'व्हीआयडी'पुढचा आकडा कंपनीचा, 'पीआयडी'पुढचा वस्तूचा. दुकानदार काय म्हणाला, पाकिटावर काय छापले होते, ते सोडून द्या. हे चार अंक वाचायची सवय लागली की पुढचे निम्मे अंदाज वाचतात.

निम्मेच, कारण चिपसुद्धा खोटे नाव सांगू शकते. पीएल-२३०३ आणि एफटीडीआयच्या एफटी-२३२ या चिपांच्या इतक्या नकला निघाल्या, की केबल विकणाऱ्यालाही आपण काय विकतो ते ठाऊक नसे. नकली चिप असली चिपचेच आकडे सांगते, म्हणून कंपनीचाच ड्रायव्हर तिला लागतो. कंपनीने पदरमोड करून लिहिलेला ड्रायव्हर नकलाकारांच्या मालाला फुकट मिळणार. राग येणे साहजिक होते. पुढे जे झाले ते या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे.

ऑक्टोबर २०१४ च्या सुमारास विंडोज अपडेटमधून एफटीडीआयचा एक नवा ड्रायव्हर जगभरच्या संगणकांवर आपोआप उतरला. समोरची चिप नकली आहे असे दिसले, की हा ड्रायव्हर तिच्या आतला वस्तू-आकडा पुसून तिथे चार शून्ये लिहीत असे. मग ती केबल कुठल्याच संगणकाला ओळखू येईना, दुसऱ्या लॅपटॉपवर लावली तरी. ओरड झाली आणि तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. २०१६ साली दुसरा प्रकार झाला: नवा ड्रायव्हर नकली चिपचा आकडा बदलत नव्हता, पण यंत्राकडून आलेल्या माहितीच्या जागी 'अस्सल वस्तू नाही' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य घालत होता. वजनाच्या रकान्यात एखाद्या सकाळी हे वाक्य उमटले तर गाळ्यातल्या माणसाने काय समजायचे? तो पहिल्यांदा काटाच दुरुस्तीला पाठवणार.

प्रोलिफिकने वेगळी वाट धरली. कंपनीने आपल्या जुन्या चिपा बंद केल्या आणि विंडोज ८ पासूनच्या ड्रायव्हरमध्ये त्यांना दार लावून घेतले. नकलाही बहुतेक त्या जुन्या चिपांच्याच असल्याने दोन्ही एकदम बाहेर. केबल लावल्यावर 'कोड १०, हे उपकरण सुरू होऊ शकत नाही' असा शेरा येतो. अलीकडच्या ड्रायव्हरमध्ये तर पोर्टच्या नावाच्या जागीच लिहून येते, की ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा. ज्याने ती केबल रस्त्यावरच्या टपरीतून घेतली त्याने कोणत्या विक्रेत्याशी संपर्क साधायचा, हे ड्रायव्हर सांगत नाही.

नकली माल विकणे ही चोरीच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण चोराला सोडून ज्याच्या घरी माल सापडला त्याचा हात तोडायचा, हा न्याय मला मान्य नाही; विशेषतः त्याला माल चोरीचा आहे हे कळायची काही सोयच नसताना. तरीही व्यवहारात मी जुनाच सल्ला देतो: अशा केबलशी झुंजत बसू नका. झुंज शक्य आहे. प्रोलिफिकचा ३.३.२.१०२ हा जुना ड्रायव्हर मिळवून 'अपडेट ड्रायव्हर', मग 'माझ्या संगणकावरच्या यादीतून निवडतो' या वाटेने तो हाताने बसवला की त्या केबली पुन्हा बोलू लागतात. पुस्तिकेत त्याची कृती चित्रांसह आहे, कारण रात्री नऊ वाजता गाडी काट्यावर उभी असताना दुसरी केबल कुठून आणणार? पण विंडोज पुढच्या अपडेटला नवा ड्रायव्हर परत आणून बसवू शकते, आणि काट्याचे शून्य पुन्हा हजर. रात्र भागवा, आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या घराण्याची चांगली केबल घ्या. काही लाखांचे यंत्र काही शेकड्यांच्या केबलपायी अडकवून ठेवण्यात कसली काटकसर?

आता त्या क्रमाकडे येतो. सगळ्या पुस्तिकेचा जीव त्यात आहे, म्हणून इथे थोडा रेंगाळणार आहे.

पहिला प्रश्न: केबल संगणकाला दिसते का? यंत्र जोडलेले नको, नुसती केबल. पोर्टच्या यादीत 'कॉम ५' असे काहीतरी आले आणि त्रिकोण नाही, तर पुढे. दुसरा प्रश्न: केबल स्वतःशी बोलते का? यासाठी एक फिमेल जम्पर वायर लागते, ती लॅमिंग्टन रोडच्या कुठल्याही काउंटरवर मिळते. नऊ पिनांचा कनेक्टर तोंडासमोर धरला की वरच्या ओळीत पाच, खालच्या ओळीत चार पिना दिसतात. वरच्या ओळीतली दुसरी आणि तिसरी शेजारी-शेजारी. वायरने त्या दोन जोडायच्या. आकडे कनेक्टरच्या प्लास्टिकवर बारीक कोरलेले असतात, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की वाचता येतात. मग पुट्टीसारखा एखादा टर्मिनल प्रोग्रॅम उघडायचा, सिरियल निवडायचे, तोच कॉम नंबर, वेग ९६००, फ्लो कंट्रोल बंद. कीबोर्डवर काहीही टाईप करा. तीन नंबरने बाहेर गेलेले अक्षर दोन नंबरने परत येते आणि पडद्यावर उमटते. वायर काढली की उमटणे थांबते. वायर असताना अक्षरे येतात आणि काढल्यावर थांबतात, एवढे झाले की चिप आणि ड्रायव्हर दोघे निर्दोष सुटले. इथून पुढे ड्रायव्हरला हात लावायचा नाही. ज्या दुरुस्त्या दिवसभर लांबतात त्यांतल्या बऱ्याच, ही चाचणी न केल्यामुळे निर्दोष ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकण्यात लांबलेल्या असतात.

तिसरा प्रश्न तारेचा: यंत्र कोणत्या पिनवर बोलते? इथे मल्टिमीटर लागतो आणि एक छोटी युक्ती. सिरियलची बोलणारी तार गप्प असते तेव्हाही उणे व्होल्टेजवर उभी असते. मीटर डीसी २० व्होल्टवर, काळी पिन यंत्राच्या कनेक्टरच्या पाच नंबरला, लाल आधी दोनला मग तीनला. जिथे उणे पाच ते उणे बारा व्होल्टच्या आसपास दिसेल ती यंत्राची बोलायची तार. हेच केबलच्या टोकावर करून बघा. दोघांचेही उणे एकाच नंबरच्या पिनवर आले तर दोघे एकाच तारेवर बोलत आहेत आणि दुसरीवर दोघेही कान लावून बसले आहेत. मध्ये क्रॉस केबल पाहिजे. वेगवेगळ्या पिनांवर आले तर सरळ केबल. कुठेच उणे दिसत नसेल तर यंत्राचा पोर्ट उडालेला असू शकतो. काही स्वस्त केबलींत व्होल्टेज बदलणारी चिपच घातलेली नसते. त्यांच्या टोकावर उणेऐवजी शून्याच्या जवळपास दिसते. तशी केबल टेबलावरच्या काट्याशी चालते आणि वीस फुटांवरच्या लेथशी अडखळते. 'माझ्याकडे तर चालली' असे दुकानदार म्हणतो ते खोटे नसते.

यानंतर उरतो भाषेचा प्रश्न: वेग, सात बिट की आठ, पॅरिटी कोणती. इथे एक गोष्ट नवख्यांना उलटी वाटते. पडद्यावर काहीच न येणे वाईट. चित्रविचित्र चिन्हांचा कचरा येणे ही चांगली खबर. कचरा म्हणजे तार बरोबर आहे, चिप बरोबर आहे, फक्त वेग चुकला. २४००, ४८००, ९६०० असे एकेक करून बघा, कुठेतरी आकडे उमटतील. आकडे आले आणि मधूनमधून एखादे अक्षर बिघडले, तर सात बिट-इव्हन पॅरिटी करून पाहा; सीएनसीच्या जुन्या कंट्रोलरांना ती सवय आहे.

कॉम नंबरच्या भटकंतीबद्दलही इथेच सांगून टाकतो, कारण यावरून होणारे फोन सर्वांत जास्त. 'काल चालत होते, आज सफाई केली आणि बंद पडले.' सफाई करताना केबल लॅपटॉपच्या एका बाजूची काढून दुसऱ्या बाजूला लागलेली असते. पीएल-२३०३ आणि सीएच-३४० या चिपांच्या केबलींना सहसा स्वतःचा अनुक्रमांक नसतो. विंडोज त्यांना कोणत्या भोकात लावले त्यावरून ओळखते. भोक बदलले की पाहुणा नवा, पोर्ट नवा: कॉम ३ चा कॉम ७ झाला, आणि बिलाचे सॉफ्टवेअर कॉम ३ वरच वाट पाहत बसले. एफटीडीआयच्या केबलला अनुक्रमांक असतो, म्हणून ती कुठेही लावली तरी नंबर टिकतो. पण केबल बदलून तिच्याच जातीची दुसरी लावली तर नंबर बदलतो. इलाज सोपा: पोर्ट सेटिंग्जच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन नंबर हाताने द्यावा आणि भोकावर रंगीत टेप लावावी. काही जुन्या प्रोग्रॅमांना कॉम ४ च्या पुढचे दिसतच नाही. तिथे 'इन यूज' असा शेरा असलेला खालचा नंबर घ्यावा लागतो. तो वापरात असतोच असे नाही, पूर्वी कधी लागलेल्या केबलची ती उरलेली नोंदही असू शकते. मात्र आधी खात्री करा.

लॅपटॉप झोपल्यावर पोर्ट गायब होणे, पीएलसीशी बोलताना मध्येच टाइमआउट येणे, यांची प्रकरणे छोटी आहेत. पहिल्यात वीज वाचवण्याची खूण काढायची. दुसऱ्यात एफटीडीआयचा लेटन्सी टायमर १६ मिलिसेकंदांवरून खाली आणायचा. ९६०० च्या वेगाला पीएलसींच्या मॉडबस या भाषेत दोन निरोपांमधली शांतता चार मिलिसेकंदांचीच असते, तिथे सोळा म्हणजे फार झाले.

उत्तनचे प्रकरण मी स्वतंत्र ठेवले आहे. बोटीवरचा जीपीएस किंवा फिशफाइंडर सहसा एनएमईए ०१८३ या भाषेत बोलतो, वेग ४८००. दर सेकंदाला डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी वाक्ये: वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, आणि शेवटी तारांकनानंतर तपासणीचे दोन अंक. तांडेलाने वर्षानुवर्षे साठवलेल्या जागा त्या डब्यात असतात. कुठे जाळे अडकते, कुठे खडक आहे, कुठल्या हंगामात कुठे माल लागतो. डबा खाऱ्या हवेने एक दिवस बसणारच, त्याआधी त्या जागा लॅपटॉपवर उतरवून घ्यायला हव्यात. मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्याला असतात तेव्हा हे काम उरकून घ्यावे.

आणि इथे एक गंमत होते. जीपीएस चालू ठेवून केबल लावली की लॅपटॉपचा माउस पिसाळतो. बाण पडद्यावर सैरावैरा धावतो, खिडक्या उघडतात, मिटतात, कुठेही क्लिक होते. बघणाऱ्याला वाटते व्हायरस आला. विंडोजला त्या पोर्टवरून सतत काहीतरी येताना दिसते, त्याला पूर्वीच्या काळचा सिरियल माउस आठवतो, आणि अक्षांश-रेखांशांना ते माउसची हालचाल समजू लागते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट सिरियल बॉलपॉइंट' अशी आगंतुक नोंद सापडते. ती अनइन्स्टॉल करून उपयोग नाही, पुढच्या वेळी परत येते. ती डिसेबल करायची. त्याहून बरे म्हणजे आधी केबल लावा, पोर्ट उभा राहू द्या, मग जीपीएस चालू करा.

लॅबच्या बाबतीत मात्र सूर बदलतो. रक्ततपासणीच्या यंत्रातून आलेला आकडा थेट रिपोर्टवर छापला जातो. एक अक्षर गळाले तर १२.४ चे हिमोग्लोबिन २.४ होईल. या यंत्रांच्या भाषेत बहुधा प्रत्येक चौकटीमागे तपासणीचा अंक असतो आणि सॉफ्टवेअरने तो पडताळायचा असतो. सगळी सॉफ्टवेअर पडताळतात असे गृहीत धरू नका. केबल किंवा ड्रायव्हर बदलला की ज्याचे उत्तर माहीत आहे असा कंट्रोलचा नमुना चालवा, यंत्राच्या पडद्यावरचे आकडे आणि सॉफ्टवेअरमधले आकडे एकेक ओळ मिळवा, मगच पेशंटचे नमुने. जुना ड्रायव्हर जबरदस्तीने बसवायचा उद्योग लॅबमध्ये करूच नये. साध्या काट्यांच्या भाषेत तर तपासणीचा अंक बहुधा नसतोच, म्हणून तिथेही दोन-चार वजने डोळ्याने पडताळावीत. आणि काट्याच्या सीलला हात लावू नये. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी वैध मापन शास्त्र विभागाकडून पडताळणी आणि मुद्रांकन व्हावे लागते. पोर्टचे कार्ड आत असेल तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याचे काम, आपले काम सीलच्या बाहेर.

काही वेळा केबलवर तोडगा काढण्यापेक्षा केबलच टाळलेली बरी. गाळ्यात डेस्कटॉप असेल तर त्याचे झाकण उघडून बघा: मदरबोर्डवर 'कॉम' असे छापलेल्या पिनांच्या दोन ओळी अनेकदा असतात. तिथे एक पट्टी लावून मागे नऊ पिनांचे खरे सॉकेट बाहेर काढता येते. तिथे मध्ये यूएसबी नाही, नकली-असलीचा वाद नाही. फक्त पट्टीच्या तारांची मांडणी दोन प्रकारची मिळते, त्यामुळे जम्पर वायरची तीच चाचणी इथेही करायची. डॉसवरच्या प्रोग्रॅमांना तर असा खरा पोर्टच मानवतो, कारण ते ड्रायव्हरला विचारत नाहीत, थेट हार्डवेअरच्या पत्त्यावर जाऊन बोलतात, आणि यूएसबी केबल त्या पत्त्यावर राहत नाही. डॉसबॉक्सने त्यातून वाट निघते, तिची कृती शेवटच्या प्रकरणात दिली आहे. ज्यांना लिनक्सची भीती नाही त्यांच्यासाठीही चार पाने आहेत. या चारही घराण्यांचे ड्रायव्हर तिथे कर्नलमध्येच असतात, तिथे कोड १० चा तंटा नाही. उबुंटू २२.०४ मध्ये मात्र ब्रेल यंत्रांसाठीची बीआरएलटीटीवाय ही सेवा सीएच-३४० ची केबल आपलीच समजून पळवते. अंधांसाठीची यंत्रे कोणी वापरत नसेल तर ती सेवा काढून टाकावी.

दोन सावधानतेच्या सूचना. यूएसबी-टू-टीटीएल नावाच्या छोट्या पट्ट्याही याच चिपांच्या असतात, पण त्या पाच किंवा ३.३ व्होल्टच्या. काट्याच्या आरएस-२३२ पोर्टला थेट लावल्या तर चिप जळते. मध्ये मॅक्स-२३२ सारखी व्होल्टेज बदलणारी चिप हवीच. दुसरे, अर्थिंग. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डवर, यंत्र दुसऱ्या फेजवर आणि अर्थ कोणाचाच धड नाही, ही आपल्या गाळ्यांतली नेहमीची स्थिती. अशा वेळी कनेक्टर लावताना बारीक ठिणगी दिसते आणि एक पोर्ट मरतो. दोन्ही बाजू बंद करून केबल लावा, दोन्हीकडचे स्क्रू आवळा, आणि वारंवार पोर्ट उडत असतील तर आयसोलेटर असलेली केबल घ्या. तिथे पैसे वाचवू नका.

पुस्तिकेसोबत ड्रायव्हरची सीडी किंवा पेन ड्राइव्ह दिलेला नाही, याबद्दल विचारणा होईल. ड्रायव्हर चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्यावा. 'फ्री ड्रायव्हर' म्हणून मिळणाऱ्या फायलींत काय काय बांधलेले असते त्याची हमी कोण देणार? त्याऐवजी मागच्या कव्हरच्या आत कापून घ्यायच्या चिठ्ठ्या छापल्या आहेत. चिपचे घराणे, दोन्ही आकडे, ड्रायव्हरची आवृत्ती, कॉम नंबर, वेग, बिट आणि पॅरिटी, केबल सरळ की क्रॉस, एवढे पेनाने लिहून चिठ्ठी केबललाच सेलोटेपने गुंडाळावी. पडद्यांची चित्रे विंडोज १० आणि ११ ची आहेत. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला असला तरी गाळ्यांमधला तो लवकर हलेल असे दिसत नाही, म्हणून त्याची चित्रे वगळलेली नाहीत. विंडोज ७ आणि एक्सपीवर अजून चालणाऱ्यांसाठी वेगळे परिशिष्ट आहे. ते संगणक इंटरनेटला जोडू नयेत आणि चालत आहेत तोवर त्यांचा ड्रायव्हर बदलू नये.